बऱ्याच वर्षांनी बाहेर बसून लँडस्केप : जुना कागद, दगड झालेल्या ट्यूबा आणि ठाण्याजवळच्या जागा

निळीशाई

नमस्कार मंडळी. जलरंगात बाहेर बसून निसर्गचित्रं करणं बारा वर्षं बंद होतं, या थंडीत पुन्हा सुरू करायचंय. राहायला घोडबंदर रोड, गाडी नाही, रविवारची सकाळ मोकळी.

सामान सगळं जुनंच आहे. ३०० जीएसएमच्या कॉटन कागदाचे पाव इम्पीरियलचे (११ बाय १५ इंच) दहा-बारा तुकडे, वीसेक ट्यूबा (निम्म्या दगड झाल्यात), सेबलचे (प्राण्याच्या मऊ केसांचे) तीन ब्रश, एक इंची फ्लॅट आणि प्लायचा जड बोर्ड. घरी दोन वॉश (पातळ रंगाचे सलग हात) टाकून पाहिले. दोन्ही डागाळले. आकाशाचा साधा उतरता वॉशसुद्धा सलग बसत नाही, जागोजागी गडद ठिपके उठतात. हात पार गेला असं म्हणायचं की आणखी काही?

कागद-रंग यातलं काय ठेवू, काय टाकू? आणि ठाण्याहून लोकल-रिक्षाने जाता येईल अशा, पहिल्या काही खेपांना झेपतील अशा जागा सुचवाल का?

बोरूबहाद्दर

हात गेलेला नाही, कागद गेलाय. तुम्ही लिहिलेलं लक्षण अगदी त्याचंच आहे.

जलरंगाच्या कागदाला सायझिंग असतं. चांगल्या कॉटन कागदाला बहुतेक जिलेटिनचं. पाणी लगेच आत न मुरता थोडा वेळ वर राहावं म्हणून ते लावलेलं असतं. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातून लॉफ्टवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, कागदाने बारा पावसाळे काढले की या जिलेटिनवर बुरशी धरते आणि ते ठिकठिकाणी संपतं. डोळ्यांना कागद पांढरा, कोरा, उत्तम दिसतो. पाणी लागलं की जिथलं सायझिंग गेलंय तिथे तो टीपकागदासारखा रंग पितो. तुमचे गडद ठिपके ते हेच.

तपासायला दोन मिनिटं लागतात. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावर ब्रशने पाण्याचा एक टपोरा थेंब ठेवा आणि कागद तिरका धरून उजेडात बघा. चांगल्या कागदावर थेंब फुगीर राहतो, त्याची कड चकाकते, आणि मिनिटभराने बोटाने ढकलला तर सरकतो. मेलेल्या कागदावर तो काही सेकंदांतच चपटा होतो आणि खाली काळपट ओला डाग पसरतो. एकाच कोपऱ्यावर विसंबू नका. सायझिंग एकसारखं जात नाही, म्हणून मध्येही एक थेंब टाका. मग अल्ट्रामरीन अगदी पातळ करून दोन इंचांचा पट्टा ओढा. तो सलग वाळला तर तुकडा ठेवायचा.

नापास झालेले फेकू नका. पेन्सिल, कोळसा, शाईपेन यांना ते चालतात. जेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात दिले तर अ‍ॅक्रिलिकलाही. जलरंगाला मात्र अजिबात वापरू नका, कारण दोष कागदाचा असतो आणि आपण शिव्या हाताला घालत बसतो.

नवा कागद घेताना पूर्ण इम्पीरियल शीट घ्या, २२ बाय ३० इंच, ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत पोताचा). त्याचे आठ तुकडे करा, प्रत्येकी साडेसात बाय अकरा इंच. परतीच्या पहिल्या सहा-आठ चित्रांना याहून मोठा कागद नको. पाव इम्पीरियल भरायला जितका रंग कालवावा लागतो तितका कालवायची सवय सुटलेली असते. मग वॉश अर्ध्यात संपतो आणि जोड दिसतो.

गेरू

कागदाबद्दल सहमत. मी ट्यूबा आणि ब्रशांचं सांगतो.

दगड झालेली जलरंगाची ट्यूब मेलेली नसते. त्यात रंगद्रव्य असतं, डिंक असतो, फक्त पाणी उडालेलं असतं. ब्लेडने ट्यूब उभी चिरा, आतला खडा काढून रिकाम्या पॅनमध्ये बसवा, वर चार-पाच थेंब पाणी टाकून रात्रभर ठेवा. सकाळी काडीने दाबून सपाट करा. ओला ब्रश फिरवल्यावर रंग सुटायला फार वेळ घेत असेल तरच एक थेंब ग्लिसरीन घाला. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं. दोन-तीन थेंब झाले तर पावसाळ्यात तो पॅन कधी वाळतच नाही आणि त्यावर बुरशीची लव येते. खडा भुसभुशीत होऊन चुरा पडत असेल तर डिंक कमी पडलाय. गम अरेबिकच्या दोन थेंबांत घोटला की पुन्हा धरतो.

झाकण अडकलं असेल तर ट्यूब पिळू नका, मान फाटते. फक्त झाकण मिनिटभर गरम पाण्यात धरा, मग फडक्यात गुंडाळून पकडीने फिरवा. उघडल्यावर आधी पारदर्शक चिकट द्रव आला तर तो फेकायचा नाही. तो वेगळा झालेला डिंक असतो. टूथपिकने आतल्या आत ढवळा.

वीस रंग बाहेर नेऊ नका. सहा पुरतात : अल्ट्रामरीन, सेरुलियन, यलो ऑकर, गॅम्बोजसारखा एक उबदार पिवळा, बर्न्ट सिएना, लाइट रेड. मोह आवरत नसेल तर कोबाल्ट. तुमच्या जुन्या डब्यात अलिझरिन क्रिमसन असणारच. लेबलवर रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३ लिहिला असेल तर तो उजेडात उडणारा रंग आहे, विकायच्या चित्रात घालू नका. त्याऐवजी पीव्ही १९ चा क्विनाक्रिडोन घ्या. आणि तयार हिरवा एकही नको, तो का ते विचारलंत तर सांगेन.

सेबल नीट बघून घ्या. बंद डब्यातसुद्धा कसर लागते. केस एका बाजूने कुरतडल्यासारखे आखूड दिसले तर तो ब्रश मोठ्या वॉशला ठेवा, टोकाचं काम त्याच्याकडून होणार नाही. पाण्यात बुडवून मनगटाने एक झटका द्या. टोक आपोआप जमलं तर ब्रश शाबूत. पत्र्याची नळी दांड्यावर डुगडुगत असेल तर लाकूड आटलंय. नळी काढून दांड्याला थोडा फेव्हिक्विक लावा आणि पुन्हा बसवा, केसांकडे थेंबही जाऊ देऊ नका.

रंग मधावर बनवलेले असतील तर बाहेर पॅलेट गवतात ठेवू नका. मुंग्या रांग लावून येतात. हसू नका, खरंच येतात.

ओलाकागद

बोरूबहाद्दर, मेलेला कागद जलरंगाला अजिबात चालत नाही हे पूर्ण खरं नाही. घरच्या घरी पुन्हा सायझिंग करता येतं. बिनचवीचं जिलेटिन ५ ग्रॅम, पाणी पाव लिटर, म्हणजे दोन टक्के. जिलेटिन आधी थोड्या थंड पाण्यात दहा मिनिटं फुगू द्यायचं, मग उरलेलं गरम पाणी घालून विरघळवायचं. उकळायचं नाही, उकळलं की त्याची ताकद जाते. कोमट असतानाच रुंद मऊ ब्रशने एक हात द्या, कागद दोरीवर क्लिपा लावून वाळवा, दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला दुसरा हात. कोरड्या हवेचा दिवस बघूनच करा. थेंबाची चाचणी पुन्हा घ्या. पाण्याचे थेंब गोळा होऊन कागदावरून पळायला लागले तर सायझिंग जास्त झालं.

नव्या कागदाइतका तो होत नाही, हे मान्य. पण दहा पाव-तुकडे म्हणजे अडीच पूर्ण शीट. सरावासाठी तेवढं जिलेटिन स्वस्तच पडतं.

बोर्डाचं मात्र ऐका. प्लायचा बोर्ड घरी ठेवा. फ्लेक्स-बॅनरच्या दुकानात ५ मिलिमीटरचा सनबोर्ड मिळतो, त्याचा १२ बाय १६ इंचांचा तुकडा कापून घ्या. वजन जवळपास नाहीच आणि पाण्याने वाकत नाही. कडेने पॅकिंग टेप गुंडाळा, नाहीतर लोकलच्या गर्दीत कोपरे चुरतात. कॅमेऱ्याचा जुना ट्रायपॉड असेल तर इझल विकत घेऊ नका. ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो. हार्डवेअरवाल्याकडून त्या मापाचा टी-नट आणा, बोर्डाच्या मागे छोटा प्लायचा चौकोन चिकटवून त्यात ठोका. बोर्ड पंधरा-वीस अंश कललेला ठेवायचा, म्हणजे वॉशच्या खालच्या कडेला पाण्याची माळ धरते आणि ती आपण खाली नेऊ शकतो. सपाट बोर्डावर पाणी मध्येच साचतं आणि वाळताना मागे पसरून फुलकोबीसारखा डाग काढतं.

जुना मास्किंग टेप सोबत नेऊ नका. त्याचा गोंद एक तर सुटतो, नाहीतर इतका धरतो की कागदाची साल निघते. नवा, एक इंची. आठव्या हिश्शाच्या तुकड्याला चारही बाजूंनी पाव-पाव इंच टेप लावलात तर आत उरतो साडेदहा बाय सात, म्हणजे बरोबर तीनास दोन. जाड पुठ्ठ्यात ९ बाय ६ सेंटिमीटरची खिडकी कापून जवळ ठेवा. खिडकीत जे दिसेल ते जसंच्या तसं कागदावर मावतं. मोबाइलचा फोटो साधारण चारास तीन असतो. त्यावरून रचना उचलली की वरचा किंवा खालचा भाग हमखास कापला जातो.

निळीशाई

थेंब टाकून पाहिले. अकरापैकी आठ तुकड्यांत पाणी ठेवताक्षणी मुरलं, तीन ठीक. ठिपक्यांचं कोडं सुटलं, फार फार आभार. जिलेटिन आणते आहे.

आता जागा सांगा. आणि प्रत्यक्ष बसल्यावर क्रम काय ठेवू? पूर्वी दोन-अडीच तास बसायचे आणि शेवटच्या तासात सगळं मळायचं.

खाडीकाठ

जागा निवडताना गाव कोणतं हे नंतर, आधी ऊन कुठून येणार ते बघा. रविवार सकाळ म्हणताय म्हणून फक्त सकाळचं लिहितो.

पहिल्या दोन खेपा उपवन तलाव. लांब जायची हौस आवरा. येऊरचे डोंगर तलावाच्या पश्चिमेला आहेत, म्हणजे सकाळचं ऊन थेट डोंगराच्या अंगावर पडतं, सोंडा आणि घळी सुट्या दिसतात. पाणी, झाडांची ओळ, मागे डोंगर असे तीन सरळ थर मिळतात आणि चित्र फसलं तर अर्ध्या तासात घरी. संध्याकाळी तिथेच सगळा डोंगर सावलीत जाऊन एक निळसर पट्टी उरते. तीही सुंदर, पण तो वेगळा विषय. वर येऊरमध्ये जायचं तर ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. वनखात्याची चौकी लागते. आत काय चालतं ते तिथेच विचारा आणि उजेड असतानाच खाली या.

तिसऱ्या खेपेला वांगणी. कर्जत लोकल पकडा, रविवारी मेगाब्लॉक बघून. स्टेशनच्या पश्चिमेला चंदेरीचा सुळका आणि त्याची रांग, सकाळी उजेड थेट त्यांच्या अंगावर. डिसेंबरात भातं कापून झालेली असतात, खाचरांत धसकटं आणि बांध उरतात. बांधांच्या तिरक्या रेषा डोळ्याला आपोआप डोंगराकडे नेतात, पुढच्या भागासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. बसायचं बांधावर. वाल-हरभरा पेरलेल्या खाचरात पाय घालायचा नाही, आणि शेतात कुणी असेल तर आधी विचारायचं. कसारा मार्गावर आसनगावहून माहुलीच्या डोंगराचंही असंच, सकाळचं ऊन त्याच्या अंगावर. पण थंडीत धुरकं जाऊन सुळके दिसेपर्यंत नऊ वाजतात.

खाडीचं गणित निराळं. वाशी-ऐरोलीच्या काठावरून खाडी पश्चिमेला, म्हणजे सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून : रंग स्वच्छ, पण सावल्या नाहीत, चित्र चपटं. ठाण्याच्या काठावरून सकाळी पूर्वेला बघितलं तर पारसिकचा डोंगर उजेडाच्या विरुद्ध, काळसर निळा, आणि पुढे चकाकणारं पाणी. दोन-तीन टोनमध्ये संपणारं चित्र हवं असेल तर हेच घ्या. ऐरोली आणि वाशी पुलांमधला खाडीचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्यात येतो (२०१५ पासून, आणि २०२२ पासून रामसर स्थळही). खारफुटीत उतरायचं नाही, काठावरूनच करायचं. उतरलात तर चिखल गुडघ्यापर्यंत घेतो, ते वेगळंच.

खाडीला जायच्या आधी तिथी बघा. कोळ्यांचा हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि मग बारापर्यंत पाणी ओसरत जाणार. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या आसपास ओहोटी आणि सकाळभर पाणी चढत राहणार. समुद्रापासून खाडीत जितकं आत जाल तितकी वेळ थोडी पुढे सरकते. हे माहीत नसलं की काय होतं? साडेसातला चिखलाचे चमकते पट्टे रेखाटावेत आणि नऊला रंगवायला घ्यावं तर पट्टेच नाहीत, सगळीकडे पाणी. पाणी स्थिर हवं असेल तर अष्टमीच्या मागेपुढे जा. भांगाची भरती असते, चढउतार कमी. उधाणाच्या दिवसांत चित्र डोळ्यांदेखत बदलतं.

बोरूबहाद्दर

क्रमाचं. दोन-अडीच तास बसणं हीच चूक होती. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. अडीच तासांत तुम्ही एका चित्रात दोन वेगवेगळ्या सकाळी रंगवत होतात, म्हणून मळत होतं. चाळीस ते पन्नास मिनिटांत एक चित्र, आणि तेवढ्याच वेळात दुसरं. पहिलं बिघडलं तरी दुसरं असतंच, त्यामुळे धास्ती राहत नाही.

पोचल्यावर लगेच बसू नका. पुठ्ठ्याची खिडकी घेऊन दहा मिनिटं हिंडा. मग वहीत दोन बाय तीन इंचांच्या दोन-तीन चौकटी, 2बी पेन्सिलने, फक्त तीन टोन : कागद, मधला, गडद. कोपऱ्यात वेळ लिहा आणि ऊन येतंय त्या दिशेचा बाण काढा. तो बाण नंतर मोडायचा नाही, प्रत्यक्षातल्या सावल्या कुठेही गेल्या तरी.

कागदावरचं रेखाटन दहा मिनिटांच्या आत, हलक्या हाताने. खोडरबर घासू नका. घासलेल्या जागी सायझिंग खरवडलं जातं आणि मघाचा टीपकागदाचा खेळ तिथे पुन्हा सुरू होतो. पुटी रबर (मळता येणारं मऊ खोडरबर) दाबून उचला.

रंग कालवायचा तो लागेल त्याच्या दुप्पट. आकाश आणि लांबचा डोंगर एका दमात, आकाश किंचित ओलं असताना डोंगराचा माथा, म्हणजे कड काही ठिकाणी विरते आणि काही ठिकाणी राहते. मग हात मागे. वाळेपर्यंत काही करू नका. बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघा : गार लागला तर अजून ओला आहे. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये ओला ब्रश घालणं हे सगळ्या चिखलाचं मूळ. मग मधला थर, सावल्या एकाच रंगात एकाच वेळी जोडून, शेवटी दोन-चार गडद फटकारे. पन्नास मिनिटं झाली की टेप काढायचा.

स्वतः सावलीत बसा. उन्हात ठेवलेला कागद इतका भगभगतो की आपण सगळं गडद करत जातो, आणि घरी आणल्यावर चित्र कोळशाच्या वखारीतून आल्यासारखं दिसतं. छत्री साधी काळी. लाल-निळ्या छत्रीखाली कागदावर त्याच रंगाची झाक पडते. गॉगल काढून ठेवा. आणि डासांचं क्रीम किंवा सनस्क्रीन लावल्यावर तळवे साबणाने धुवा. तेलकट हाताचा ठसा कागदावर उमटला की तिथे वॉश बसत नाही, आणि तो ठसा आकाशातच उमटतो हा नियम आहे.

निळीशाई

हे सगळं छापून पिशवीत ठेवते. एकच राहिलं. आपले डोंगर माझ्याकडून पुठ्ठा कापून लावल्यासारखे होतात, पूर्वीही व्हायचे. आणि गेरू, हिरव्याचं सांगा.

गेरू

दोन्हीचं मूळ एकच आहे. डोंगर बाह्यरेषेपासून सुरू केला की पुठ्ठाच होणार.

आपल्याकडचा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय. त्यामुळे त्याची रचना जिन्यासारखी असते : एक उभा कडा, मग गवताची उतरती पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी, वर बहुतेक सपाट माथा किंवा एखादा सुळका. थर जवळजवळ आडवे. पेन्सिलने आधी या आडव्या पट्ट्या हलक्या टाका, मग त्यांना कापत खाली उतरणाऱ्या सोंडा. एका सोंडेची उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू ठरली की जाडी येते. माथ्याची रेषा सगळ्यात शेवटी नक्की करा. आणि पट्ट्या डोंगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग नेऊ नका. खालून बघताना सोंड पुढे येते तिथे पट्टी वर चढते, घळीत शिरते तिथे खाली वाकते. हे वळण चुकलं की डोंगर पुन्हा सपाट.

रंग : कड्याचा काळा दगड म्हणजे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. निळा जास्त तर लांबचा, सिएना जास्त तर जवळचा. पेन्स ग्रे नको, मेलेला दिसतो. थंडीतलं वाळकं गवत यलो ऑकरमध्ये चिमूटभर लाइट रेड. त्यावरची सावली अल्ट्रामरीन आणि लाइट रेडची, पातळ, जांभळटाकडे झुकणारी. तीन रांगा एकामागे एक असतील तर तिन्हीला हेच मिश्रण घ्या, फक्त मागे जाताना पाणी आणि सेरुलियन वाढवत जा. रांगेचा पायथा साध्या पाण्याच्या ब्रशने विरवून टाका. डोंगराचा तळ नेहमी माथ्यापेक्षा फिका असतो, कारण धूळ आणि धुरकं तळाशी साचतं. माथा फिका आणि तळ गडद केलात की डोंगर पुढे येऊन अंगावर पडतो.

हिरवा : तयार ट्यूबमधले बरेच हिरवे, विशेषतः थॅलोचे, इतके तीव्र असतात की एक थेंब अख्ख्या चित्रावर ओरडतो. अल्ट्रामरीन आणि गॅम्बोज घ्या, त्यात ब्रशच्या टोकावर येईल एवढा बर्न्ट सिएना. आंब्याच्या झाडाला अल्ट्रामरीन आणि सिएना वाढवा, तो जवळजवळ काळाच हिरवा असतो. बांबूला, कोवळ्या पानांना पिवळा वाढवा. पॅलेटवर पूर्ण एकजीव करू नका, कागदावर थोडं मिसळू द्या.

आणि दर खेपेला नवीन डोंगर शोधत हिंडू नका. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी एका कोटितीर्थ तळ्याची किती चित्रं केली बघा. उपवनचा तोच डोंगर सलग चार रविवार करा. दुसऱ्या रविवारपासून रेखाटनाचा वेळ निम्मा होतो आणि तो वेळ रंगाला मिळतो.

ओलाकागद

वेळेबद्दल थोडी भर. डिसेंबरात ठाण्याला सूर्योदय सातच्या सुमारास, आणि भर दुपारीसुद्धा सूर्य ५० अंशांच्या वर जात नाही. सावल्या लांब राहतात, त्यामुळे साडेदहापर्यंत आरामात बसता येतं. मेच्या मध्यात तो बरोबर डोक्यावरून जातो, तेव्हा साडेआठनंतर सगळं सपाट.

वाळण्याची गतीही ऋतूप्रमाणे धरा. उन्हाळ्यात वॉश दोन-तीन मिनिटांत वाळतो, कड बसते. तेव्हा कागद मागूनही ओला करून अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर चिकटवा. पावसाळ्यात उलट, वीस मिनिटं झाली तरी कागद गार. तेव्हा आधी कागद भिजवायचाच नाही, कोरड्यावर सरळ रंग आणि ब्रशमध्ये पाणी कमी. पावसात धबधब्यांकडे जाऊ नका, पांडवकडा वगैरे ठिकाणी बंदी असते. चित्राला धबधबा दोन किलोमीटर लांबूनच बरा दिसतो.

तैलरंगाकडे वळायचा विचार आला तर एवढं लक्षात ठेवा : टर्पेंटाइनची बाटली घेऊन लोकलमध्ये चढता येत नाही, ज्वलनशील पदार्थांना मनाई आहे. पाण्यात मिसळणारे तैलरंग मिळतात, ते न्या.

खाडीकाठ

निळीशाई, पिशवीत काय असावं ते शेवटचं. पाणी एक लिटर आणि दोन भांडी, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. तलावाचं पाणी वापरू नका, शेवाळाचे कण आकाशात दिसतात. जुन्या सुती बनियनचा तुकडा टिश्यूपेक्षा बरा. घडीचं स्टूल, चार बुलडॉग क्लिपा (वारा सुटला की टेप पुरत नाही), आणि कोरडी चित्रं ठेवायला दोन पुठ्ठे रबरबँड लावून.

उपवनला भिंतीला किंवा झाडाला पाठ लावून बसा. मॉर्निंग वॉकवाले मागे उभे राहून "हे पाणी का नाही रंगवलं?" विचारतात, आणि त्यांना उत्तर देता देता वॉश वाळतो. सव्वासातपर्यंत पोचा. डोंगराच्या माथ्याला ऊन लागतं आणि ते हळूहळू खाली उतरत झाडांपर्यंत येतं. पहिलं रेखाटन ऊन माथ्यावर असतानाच करा, सावलीची तिरकी कड तेव्हा सगळ्यात स्पष्ट असते.

निळीशाई

जिलेटिन लावून झालं, पाच तुकडे दोरीवर आहेत. रविवारी उपवन. तीन चांगले तुकडे कापून त्यांचे सहा केलेत. दोन पहिल्या दिवशी वापरीन, बाकीचे नव्या शीटसोबत जपून.

ओलाकागद

दोरीवरचे पूर्ण वाळल्यावर दोन पुठ्ठ्यांत घालून वर वजन ठेवा, एक रात्र. एका बाजूला जिलेटिन लागलं की कागद पन्हाळीसारखा वळतो. मागचा हात द्यायला विसरू नका.